पाणचक्कीतली उमेदवारी

मुलांच्या पुस्तकात राक्षस चालतो, चेटकीण चालते. मरण मात्र नको, असा आपल्या घरांतला अलिखित कायदा आहे. ओटफ्रीड प्रॉयस्लर या जर्मन लेखकाच्या ‘क्राबाट’ (१९७१) या कादंबरीने तो धाब्यावर बसवला आहे. तरीही मी ती बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती खुशाल देईन.

गोष्ट अठराव्या शतकाच्या आरंभीची, पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स प्रांतातली. तेथील सॉर्ब लोकांच्या दंतकथेवर ती आधारलेली आहे. क्राबाट हा चौदा वर्षांचा अनाथ, भिकारी पोर. स्वप्नात त्याला अकरा डोमकावळे दिसतात, आणि अमक्या पाणचक्कीवर ये, असा हुकूम ऐकू येतो. तो जातो. चक्कीच्या एकाक्ष मालकापाशी अकरा उमेदवार असतात, हा बारावा.

पीठ दळण्याच्या जोडीला तिथे आणखी एक विद्या मिळते. शुक्रवारी रात्री मालक सगळ्यांचे डोमकावळे करून त्यांना दांडीवर बसवतो आणि काळ्या जादूच्या पोथीतला एक पाठ तीनदा वाचतो. ध्यानात राहिला तर राहिला. नाही राहिला तरी बोल नाही. (इतका न रागावणारा शिक्षक पाहिला, की मला तरी संशय येतो!) मंत्राने काम हलके होते, पोटभर जेवण मिळते. पण अमावास्येला टोपीत कोंबड्याचे पीस खोवलेला एक पाहुणा गाडी घेऊन येतो, आणि एरवी बंद असणारे सातवे जाते त्या रात्री गरगरू लागते. वर्ष सरता सरता क्राबाटचा पाठीराखा, थोरला उमेदवार तोंडा, मरून पडतो. पुढल्या वर्षी मिखाल. बाकीचे गप्प! ते गप्प का, हेच या पुस्तकातले खरे रहस्य.

गुरूला देव मानणाऱ्या आपल्या परंपरेत वाढलेल्याला हे झोंबते. शिष्यांच्या जिवावर जगणारा गुरू, आणि ते ठाऊक असूनही विद्येच्या गोडीने तिथेच राहणारे शिष्य!

प्रॉयस्लरला ही गोडी पुस्तकात वाचून कळलेली नव्हती. त्याचा जन्म १९२३ चा. कोवळ्या वयात त्याने हिटलरच्या युवक संघटनेचे गोडवे गाणारी कादंबरी लिहिली, पुढे सैनिक झाला आणि पाच वर्षे रशियनांच्या कैदेत काढली. नंतर बव्हेरियात तो प्राथमिक शाळेत मास्तर झाला. ‘क्राबाट’वर तो दहाएक वर्षे अडून होता, मध्येच ती बाजूला ठेवून त्याने १९६२ साली एका विनोदी दरोडेखोराची गोष्ट लिहून टाकली. मुलांना ती फार आवडली.

शेवटी मालक क्राबाटपुढे खरा डाव टाकतो : माझ्यामागे ही चक्की तुझी, पोथी तुझी. नकार दिला तर सुटकेची वाट एकच. वर्षाच्या अखेरच्या संध्याकाळी त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मुलीने चक्कीवर यावे आणि बारा जणांतून त्याला ओळखावे. चुकली, तर दोघांचेही मरण. क्राबाट नाही म्हणतो. मुलगी येते. मालक तिच्या डोळ्यांवर काळे फडके बांधतो. बारा पोरे ओळीने उभी राहतात, आणि ती एकेकासमोरून चालू लागते.