समुद्राच्या तळाचा गाळ काय सांगतो?

26 जुलै 2005 चा पूर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची घरे अजून विसरलेली नाहीत. पाणी ओसरले तेव्हा मागे गाळ उरला. गाळ ही घडून गेलेल्या गोष्टीची नोंदच असते. अशी नोंद समुद्राच्या तळाशी हजारो वर्षे साचत आली आहे. ती वाचणारी एक संस्था गोव्यात, वास्को येथे आहे: राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र.

अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीमही गोव्यातूनच निघाली. 6 डिसेंबर 1981 रोजी डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जण ‘पोलर सर्कल’ जहाजाने निघाले आणि 9 जानेवारी 1982 रोजी तेथे पोहोचले. अलिगढला शिकलेले कासिमसाहेब पुढे जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू झाले. आपल्या मुलामुलींना हे नाव माहीत असायला हवे.

2004 मध्ये ‘सागर कन्या’ जहाज दक्षिण महासागरात गेले आणि तळाचा गाळ घेऊन आले. हा गाळ काढायचा कसा? वर शिशाची वजने बसवलेला लांब पोलादी पाइप तारेने खाली सोडतात. तो स्वतःच्या वजनाने गाळात रुततो. आतील गाळ निसटू नये म्हणून टोकाशी पात्यांची झडप असते. वर आल्यावर आतली प्लास्टिकची नळी कापून तुकड्यांवर ‘वर’ आणि ‘खाली’ अशी खूण करतात. ही खूण चुकली तर सारा इतिहास उलटा वाचला जाईल. पुढे प्रत्येक तुकडा उभा चिरतात. अर्धा अभ्यासाला आणि अर्धा जपून ठेवायला. उसळत्या लाटांत जहाज तासन्‌तास एका जागी धरून ठेवावे लागते.

खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटीमीटर गाळ साचतो. त्यातल्या सूक्ष्म जीवांच्या शिंपल्यांवरून त्या काळचे पाणी किती गार होते, ते कळते. मध्येच खडे सापडले, तर तेथवर हिमनग वाहत आले होते, असे समजावे.

अशा पुराव्यांवरून आणि जुन्या प्रवाळांवरून शास्त्रज्ञ सांगतात की, सुमारे 1,25,000 वर्षांपूर्वी ध्रुवांवरचा बर्फ वितळून समुद्र आजच्यापेक्षा 6 ते 9 मीटर उंच होता. उल्हास नदी खाडीला मिळते. समुद्र चढला की पुराचे पाणी ओसरायला जागा उरत नाही. म्हणून ध्रुवाकडचा हा गाळ आपल्या वस्त्यांशीही बोलतो.

आम्ही पालकांना एक सोपा प्रयोग सुचवतो. काचेच्या ग्लासात ओली माती, वाळू आणि राख यांचे थर द्या. पारदर्शक स्ट्रॉ आत खुपसा, वरचे तोंड बोटाने दाबा आणि हळूच बाहेर काढा. थर जसेच्या तसे दिसतील. मग मुलांना विचारा, सर्वांत जुना थर कोणता? भूगोलाची गोडी अशीच लागते. मुलीने विज्ञान शाखा मागितली, तर भूशास्त्राचाही विचार जरूर करावा.