रुतलेले वाहन ओढून काढण्याची सुरक्षित रीत

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या ओलीच्या दिवसांत काळ्या जमिनीच्या प्रदेशात ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप अथवा मालवाहू टेंपो चिखलात रुतून बसणे ही नित्याची गोष्ट आहे. गोदावरी, पूर्णा, भीमा व कृष्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील भारी जमिनींत असा प्रसंग आला नाही असा ट्रॅक्टरधारक विरळाच. वाहन रुतले की शेजारचा ट्रॅक्टर बोलावला जातो, हाताला येईल तो दोर बांधला जातो, चार माणसे भोवती जमतात आणि जोर लावण्यास प्रारंभ होतो. बहुधा वाहन निघते, आणि म्हणूनच या रीतीतील धोका कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु ज्या दिवशी ते निघत नाही, त्या दिवशी दोर तुटून जवळ उभा असलेला माणूस जायबंदी होतो, किंवा ओढणारा ट्रॅक्टरच मागे उलटून चालक त्याखाली सापडतो. हे दोन्ही अपघात टाळता येण्याजोगे आहेत. त्यासाठी काय करावे व काय करू नये, याची माहिती पुढे दिली आहे.

जोर किती लागतो?

काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण बरेच असते. ही माती पाणी शोषून फुगते, मऊ होते आणि चाकाला चिकटून बसते. चाक जागच्या जागी फिरू लागले की ते खाली खाली जाते व भोवतालचा चिखल त्याला घट्ट धरून ठेवतो. अशा वेळी वाहन ओढण्यासाठी लागणारा जोर सामान्यतः आपण समजतो त्याहून कितीतरी अधिक असतो. साधारण अनुमान असे की, वाहन चाकांपर्यंत रुतले असेल तर त्याच्या वजनाइतका, आणि मडगार्डपर्यंत रुतले असेल तर वजनाच्या दुप्पट जोर लागतो.

आता ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा विचार करू. ४० ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन सुमारे २ टन असते. घट्ट, कोरड्या मातीवर तो आपल्या वजनाच्या साधारण निम्म्याइतकी, म्हणजे १ टनाच्या आसपास ओढ देऊ शकतो. रुतलेला ट्रॅक्टरही तेवढ्याच वजनाचा असेल, तर त्याला काढण्यास २ टनांपासून ४ टनांपर्यंत जोर हवा. म्हणजेच बरोबरीच्या ट्रॅक्टरने नुसते ओढून काम होण्याजोगे नसते. ही तूट भरून काढण्यासाठी चालक झटके देऊ लागतो आणि तेथेच अपघाताचा आरंभ होतो. वास्तविक ही तूट झटक्याने नव्हे, तर फावड्याने भरून काढावयाची असते.

आधी खोदावे, मग ओढावे

चाक जागच्या जागी फिरू लागताच ट्रॅक्टर थांबवावा. अधिक वेग दिल्याने तो निघत नाही, केवळ खोल जातो. डिफरन्शियल लॉकची सोय असल्यास ती चाके फिरू लागण्यापूर्वी, सरळ रेषेत जाताना वापरावी. चाके वेगाने फिरत असताना किंवा वळण घेताना ती कधीही लावू नये, आणि कठीण जमिनीवर येताच सोडून द्यावी.

यानंतर पुढील कामे क्रमाने करावीत :

१. ट्रॉली अथवा अवजार जोडलेले असल्यास ते सोडवावे. सोडवण्यापूर्वी ट्रॉलीच्या चाकांना दगडांची अटक लावावी आणि तिची दांडी ठोकळ्यावर टेकवावी. ट्रॅक्टर आधी काढावा, ट्रॉली मागाहून. ऊस, खत किंवा माती भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरच्या कितीतरी पट जड असते. ती भरलेलीच ओढण्यापेक्षा माल उतरवून घेणे शहाणपणाचे.

२. ज्या दिशेस वाहन काढावयाचे, त्या दिशेस प्रत्येक चाकापुढे उतार असलेला चर खणावा. चाकांच्या बाजूंचा चिखलही मोकळा करावा, म्हणजे आत हवा व पाणी शिरून चिखलाची पकड सुटते. पोटाखाली माती लागली असेल तर ती काढावी. मात्र वाहनाखाली शिरून खोदू नये. लांब दांड्याचे फावडे बाजूने चालवावे आणि त्या वेळी इंजिन बंद असावे.

३. चरात तुराट्या, पळाट्या, पाचट, बाभळीच्या फांद्या किंवा फळ्या दाबून बसवाव्यात. चाक फिरताना या वस्तू मागे फेकल्या जातात, म्हणून चाकाच्या रेषेत कोणी उभे राहू नये.

४. वाहन ज्या वाटेने आत आले त्याच वाटेने मागे काढणे बहुधा सोपे पडते, कारण पुढील जमिनीची स्थिती ठाऊक नसते व मागे चाकोरी तयार असते.

काही ठिकाणी मागील दोन्ही चाकांना आडवा ओंडका साखळीने बांधून ट्रॅक्टर आपल्याच बळावर काढण्याची रीत आहे. ही रीत अत्यंत घातक आहे. ओंडका जमिनीत अडकून चाक फिरेनासे झाले की इंजिनाची सर्व शक्ती ट्रॅक्टरचा पुढचा भाग वर उचलण्यात खर्च होते आणि ट्रॅक्टर चालकासह मागे उलटतो.

ट्रॅक्टर मागे का उलटतो?

इंजिन मागील आसाला पीळ देते. चाके मोकळी असतील तर ती फिरतात व ट्रॅक्टर पुढे जातो. परंतु ओझे हलत नसेल आणि चाकांची जमिनीवर पकड घट्ट असेल, तर चाकांऐवजी ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरू पाहते. पुढची चाके उचलली जातात. हे सारे दीड सेकंदाच्या आत घडते. तेवढ्या अवधीत धोका ओळखून क्लच दाबण्यास फुरसत मिळेलच असे नाही. म्हणून ट्रॅक्टर उचलला जाणार नाही अशी व्यवस्था आधीच करणे हाच खरा उपाय होय.

ही व्यवस्था साखळी कोठे बांधली यावर अवलंबून असते. ओढणाऱ्या ट्रॅक्टरला साखळी नेहमी मागील बाजूच्या ड्रॉबारलाच, म्हणजे आसाच्या खालच्या पातळीवर, बांधावी. येथे बांधल्यास पुढचा भाग उचलला जाऊ लागताच ड्रॉबार खाली झुकतो आणि ओढीची उलटविण्याची शक्ती कमी होते. आसाला, आसनाच्या खालच्या भागाला किंवा वरच्या टॉप लिंकच्या खुंटीला साखळी बांधली, तर उलट घडते. ओढ आसाच्या वरून लागते व ट्रॅक्टरला मागे खेचते. साखळी चार बोटे वर बांधल्याने ओढ वाढते अशी समजूत कित्येक ठिकाणी आढळते. त्या चार बोटांत चालकाचा जीव गुंतलेला असतो, हे विसरू नये.

ट्रॅक्टरला पुढे लावावयाची वजने असल्यास ती लावून घ्यावीत. उलटण्यापासून बचाव करणारी सुरक्षा चौकट असेल तर आसनाचा पट्टा अवश्य बांधावा. पट्ट्यावाचून चौकटीचा पुरेसा उपयोग होत नाही. मडगार्डवर किंवा मागे कोणासही बसू देऊ नये.

दोर, साखळी आणि तुटण्याचा धोका

ताणलेला दोर हा गोफणीसारखा असतो. एक उदाहरण घेऊ. नायलॉनचा दोर २ टनांच्या ताणाखाली १ मीटर लांबला, तर त्यात साठलेली शक्ती धान्याचा एक क्विंटल १० मीटर उंचीवरून खाली पडावा तेवढी असते. दोर तुटला किंवा हूक निसटला, की ती सर्व शक्ती दोराच्या टोकात येते. टोकाला लोखंडी हूक असेल तर तो बंदुकीच्या गोळीप्रमाणे सुटतो. साखळी कमी लांबते म्हणून तिच्यात शक्ती कमी साठते, तथापि तुटलेली कडीही माणसाला पुरेशी घातक ठरते.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

जुना नाडा, चऱ्हाट, कासरा किंवा विहिरीवरील मोटारीचा दोर या कामी वापरू नये. ज्यावर भार-क्षमता नमूद आहे अशी साखळी, पट्टा किंवा तारेचा दोर घ्यावा. कडी लांबलेली, झिजलेली वा तडकलेली असल्यास ती साखळी बाद समजावी. तारेच्या दोराच्या तारा तुटून वर आल्या असतील तर तोही बाद करावा.

दोराला गाठ मारू नये. गाठीमुळे दोराची ताकद पुष्कळ घटते, काही गाठींनी ती निम्म्याजवळ येते. दोन साखळ्या साध्या बोल्टने जोडू नयेत. त्यासाठी शॅकल या नावाने मिळणारी पिनेची पोलादी कडी वापरावी.

शेतात ओढताना दोर पुरेसा लांब असावा, म्हणजे ओढणारा ट्रॅक्टर घट्ट जमिनीवर उभा राहू शकेल. दोराच्या मध्यावर ओले गोणपाट किंवा पोते टाकावे. दोर तुटल्यास त्याचा फटकारा त्यामुळे काहीसा आवरला जातो.

चालकांव्यतिरिक्त सर्व माणसांनी दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर, दोराच्या रेषेपासून बाजूला उभे राहावे. ताणलेला दोर कोणीही ओलांडू नये. मुलांना तर तेथे येऊच देऊ नये.

ओढण्याचा क्रम

इशारा देण्याचे काम एकाच माणसाकडे सोपवावे. तो दोन्ही चालकांना दिसेल अशा सुरक्षित जागी उभा असावा. अनेकांनी एकाच वेळी ओरडणे हे अपघाताचे एक कारण होय. ‘थांबा’ हा इशारा मात्र कोणीही द्यावा व तो तत्काळ पाळावा.

ओढणारा ट्रॅक्टर शक्यतो रुतलेल्या वाहनाच्या सरळ रेषेत उभा करावा. रुतलेल्या वाहनाला दोर त्याच्या ओढण्याच्या हुकास किंवा चासीच्या मजबूत भागास बांधावा, बंपर अथवा स्टिअरिंगच्या दांड्यास बांधू नये. सर्वांत खालचा गिअर टाकून, क्लच हळूहळू सोडून प्रथम दोराचा सैलपणा काढावा. दोर ताठ झाल्यावर एकसारखी ओढ द्यावी. झटका देऊ नये. पुढची चाके जराही हलकी वाटली किंवा मागची चाके जागी फिरू लागली, तर लगेच थांबावे, दोर सैल करावा आणि पुन्हा खोदाईला लागावे. दुसऱ्या खेपेसही वाहन हलले नाही, तर अधिक जड यंत्र मागवावे. एकामागे एक दोन ट्रॅक्टर जोडून ओढण्याचा मोह टाळावा, कारण मधल्या ट्रॅक्टरवर दोन्हीकडून ताण येतो.

बिघडलेले वाहन रस्त्याने नेताना

बंद पडलेले वाहन रस्त्याने ओढून नेणे हा निराळा प्रसंग आहे. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ यांनुसार दोन वाहनांमधील अंतर ५ मीटरपेक्षा अधिक नसावे, मागील वाहनात ते चालविण्याचा परवाना असलेला चालक बसलेला असावा, दोर इतरांना स्पष्ट दिसावा आणि मागील वाहनाच्या पाठीमागे ‘ऑन टो’ असा फलक असावा. दोरास मध्यभागी लाल फडके बांधल्यास तो दुरूनही ध्यानात येतो.

मागील वाहनाच्या चालकाने किल्ली फिरवून स्टिअरिंगचे कुलूप उघडे ठेवावे, अन्यथा पहिल्याच वळणावर चाक वळणार नाही. इंजिन बंद असता पॉवर स्टिअरिंग जड लागते. ब्रेकही दोनतीन वेळा दाबल्यानंतर फार कठीण होतात, हे त्याने आधी जाणून असावे. गिअर मोकळा ठेवावा, धोक्याचे दिवे चालू ठेवावेत व हलका ब्रेक लावून दोर सतत ताठ राखावा. वेग ताशी १५ ते २० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. घाटात, रात्री किंवा ब्रेक निकामी झाले असता दोराने ओढू नये. हवेच्या ब्रेकचे ट्रक हवा संपली की जागीच जखडतात. असे ट्रक तसेच आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारी यांसाठी जाणत्या कारागिराचे साहाय्य घ्यावे.

पाण्यात अडकलेले वाहन

फरशी पुलावर किंवा ओढ्यात वाहत्या पाण्यात वाहन अडकले असेल तर ते काढण्यास कोणीही पाण्यात उतरू नये. सुमारे ३० सेंटीमीटर वाहत्या पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि ६० सेंटीमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. आतील माणसे सुरक्षित निघाली असतील तर पाणी ओसरेपर्यंत वाट पाहावी. माणसे अडकली असतील तर ११२ या क्रमांकावर तत्काळ मदत मागावी. कोणास दुखापत झाली असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती की, पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत हा विषय अवश्य घ्यावा. एखाद्या ट्रॅक्टरचा ड्रॉबार व टॉप लिंकची खुंटी प्रत्यक्ष दाखवून, साखळी कोठे बांधावी व कोठे बांधू नये, हे समजावून द्यावे. गावात एक चांगली साखळी, दोन शॅकल आणि चार लांब दांड्यांची फावडी सामाईक ठेवता आल्यास उत्तम.

रुतलेला ट्रॅक्टर आज निघाला नाही तर उद्या निघेल. चिखल वाळेल, जड यंत्र येईल, फार तर एका दिवसाचे काम बुडेल. घरचा कर्ता माणूस मात्र गेला तर परत येत नाही. म्हणून आधी फावडे आणि मग साखळी, हा क्रम प्रत्येक शेतकऱ्याने कायम पाळावा.