चित्रात न आलेला धीवर

चित्र म्हणजे डोळ्यांस गोड वाटणारी वस्तू, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून पुष्कळ दिवसांची समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असेही नव्हे. सावंतवाडीचे थोर चित्रकार सा. ल. हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र ज्यांनी म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात पाहिले असेल, किंवा निदान त्याची छापील प्रत एखाद्या आप्ताच्या दिवाणखान्यात पाहिली असेल, त्यांस ही समजूत कोठून आली हे निराळे सांगावयास नको. १९४५-४६ च्या सुमारास हळदणकरांनी आपल्याच कन्येस हाती दिवा देऊन उभे केले, आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा तो प्रकाश पाण्याच्या रंगांत असा उतरविला की पाहणारा आजही जवळ जाऊन दिवा खरोखरच तेवतो आहे की काय याची खात्री करून घेतो. अशा चित्रावर ज्यांची दृष्टी घडली, त्यांस निराळ्या जातीचे चित्र समोर आले की अडखळल्यासारखे व्हावे, हे साहजिक आहे.

वाचकांनी क्षणभर असे निराळे चित्र डोळ्यांपुढे आणावे. कागद जलरंगाचाच. पाण्याच्या काठी चार माणसे जाळे ओढीत आहेत. त्यांचे हात गुडघ्यांखाली लोंबतील इतके लांब, पाठी कमानीसारख्या वाकलेल्या, तोंडे जवळजवळ पुसलेली आहेत. एकाच्या गालावर हिरवा रंग, दुसऱ्याच्या कपाळावर जांभळा. रंग रेषेच्या आत न राहता बाहेर वाहून गेलेले आहेत. घरातील एखादा नातू किंवा पुतणी कलाशाळेतून असे चित्र करून आणते, आणि वडीलधारी मंडळी विचारतात, “अरे, हात असे कसे? आणि रंगविण्यास हीच माणसे सापडली का?” या दोन प्रश्नांपैकी दुसरा आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून प्रथम त्याचाच विचार करू.

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’चा सहावा अंक आपल्या घरांतून पुष्कळांनी वाचलेला आहे. त्या अंकाच्या आरंभी राजपुरुष एका धीवरास बांधून आणतात. रोहित मासा चिरताना त्याच्या पोटात राजाची मुद्रिका सापडली, असे तो सांगतो. त्याचा धंदा ऐकून नगररक्षकांचा नायक त्याच्या उपजीविकेची थट्टा करतो. तेव्हा तो दरिद्री मनुष्य निर्भयपणे उत्तर देतो की, जन्माबरोबर आलेले कर्म निंद्य असले तरी टाकू नये; यज्ञात पशू मारणारा श्रोत्रिय ब्राह्मण मनाने दयाळूच असतो ना! वर्गात हा प्रवेशक शिकविताना मुले राजपुरुषांच्या बोलण्यास हसत. या उत्तरापाशी आले म्हणजे वर्ग थोडा शांत होई. पुढे अंगठीच्या मोलाइतके द्रव्य त्यास मिळते, त्यातील अर्धे तो रक्षकांस देतो, आणि मंडळी मद्याच्या दुकानाकडे वळतात. धीवर रंगभूमीवरून जातो तो कायमचाच.

आता त्याच अंकात पुढे काय घडते ते पाहावे. स्मृती परत आलेला दुष्यंत विरहाने व्याकूळ होऊन शकुंतलेचे चित्र काढतो. त्यात ती आहे, तिच्या सख्या आहेत. अजून मालिनी नदी काढावयाची राहिली, वाळवंटात बसलेली हंसांची जोडी राहिली, हिमालयाच्या पायथ्याची हरिणे राहिली, असे तो विदूषकास सांगतो. ज्याच्या जाळ्यामुळे हे सारे स्मरण परत आले, तो धीवर मात्र त्या यादीत नाही. यात कवीचा दोष नाही. कवीने त्यास रंगभूमीवर आणून त्याच्याच भाषेत बोलविले आहे. राजाच्या चित्रास मात्र हंस हवे होते, कोळी नको होता.

ही गोष्ट आठवण्याचे कारण असे की आमच्या सोलापूर जिल्ह्यात, उजनी धरणाच्या काठी, आज नेमके हेच चालले आहे. भीमा नदीवरील हे धरण माढा तालुक्यातील उजनी गावापाशी १९८० साली पुरे झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर म्हणतात, आणि त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. हिवाळ्यात या पाण्यावर लांब पायांचे गुलाबी रोहित पक्षी उतरतात, आणि पुण्यामुंबईकडील मंडळी मोठमोठे कॅमेरे घेऊन भिगवणच्या बाजूस गर्दी करतात. पक्षी पाहावे, त्यात वाईट काही नाही. परंतु ज्या होडीत बसून ते पाहावयाचे, ती वल्हविणारा मनुष्य छायाचित्रात येऊ नये म्हणून त्यास वाकावयास सांगण्यात येते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. रोहित पक्षी चित्रात येतो. रोहित मासा धरणारा, ज्या माशास आज आपण रोहू म्हणतो तो धरणारा, पूर्वीप्रमाणेच बाहेर राहतो.

हा बाहेर राहिलेला मनुष्य कोण? करमाळा तालुक्यातील केत्तूर, वाशिंबे, चिखलठाण, कुगाव या बाजूस जे काठाकाठाने फिरले असतील त्यांस तो ठाऊक आहे. नदीवर पूर्वापार मासेमारी करणारा भोई समाज त्यात आहेच, पण पाणी आल्यानंतर जाळे हाती धरलेले इतरही आहेत. धरणाने दूरवरच्या शेतांस पाणी दिले, उसाचे मळे उभे केले, हे खरे. त्याच पाण्याखाली काठची जुनी गावठाणे आणि काळीची शेते गेली, हेही तितकेच खरे. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे इंदापूरच्या बाजूस पळसदेवाचे जुने देऊळ चिखलातून वर येते, आणि लोक ते पाहावयास जातात. मासे धरणाऱ्यास त्याच चिखलातून, मांडीपर्यंत रुतत, आपली होडी दूर गेलेल्या पाण्यापर्यंत ओढून न्यावी लागते.

त्याच्या जाळ्यात आज सर्वांत अधिक येतो तो चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेतील, भारतात तो १९५२ साली आणण्यात आला, आणि या पाण्यात तो इतका माजला की पूर्वीच्या नदीतील मासे मागे पडले. रात्री जाळी लावावी, पहाटे काढावी, एकेक मासा जाळ्याच्या डोळ्यांतून सोडवावा, बायकांनी तो निवडून पाट्या भराव्या, आणि ऊन तापण्यापूर्वी माल बाजारास पोहोचवावा, असा हा दिनक्रम आहे. वाऱ्याचा नेम नसतो. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि पलीकडचे कळाशी यांच्यामधून जाणारी प्रवासी नाव वादळात सापडून उलटली आणि सहा जीव गेले. काठच्या लोकांचे जाणेयेणे आणि पोट दोन्ही ज्या पाण्यावर आहे, ते पाणी त्यांस निव्वळ शोभेचे वाटत नाही, याचे नवल वाटू नये.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. हात असे का?

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत काही तरुण चित्रकारांस असे वाटू लागले की, वस्तू डोळ्यांस जशी दिसते तशी उतरविण्याने तिचे सत्य सांगून संपत नाही. ती अनुभवताना मनावर जो आघात होतो तो रंगरेषांत आला पाहिजे. १९०५ साली ड्रेस्डेन शहरी स्थापत्यशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी ‘सेतू’ या अर्थाच्या नावाचे एक मंडळ काढले. या मार्गासच पुढे एक्स्प्रेशनिझम, म्हणजे अभिव्यक्तिवाद, असे नाव पडले. गिरणीतील कामगाराचा मुलगा माक्स पेखश्टाइन पुढल्याच वर्षी त्या मंडळात आला. १९०९ साली तो बाल्टिक समुद्राकाठी निडेन नावाच्या, आता लिथुआनियात असलेल्या, कोळ्यांच्या गावी गेला, आणि पुढे वारंवार जात राहिला. त्याने तेथील कोळी रंगविले ते वल्ह्यांवर ओणवलेले, रुंद खांद्यांचे, चेहऱ्यापेक्षा पाठीनेच बोलणारे. त्याच पिढीतील एमिल नोल्डे हा शोषक जपानी कागद ओला करून त्यावर रंग सोडी, आणि रंग स्वतः पसरत गेला की त्यातून आकार शोधी. १९३७ साली नाझी सरकारने म्यूनिक येथे ‘भ्रष्ट कला’ म्हणून जे प्रदर्शन भरविले त्यात या लोकांची चित्रे टांगून त्यांची विटंबना केली. नोल्डे स्वतः त्या पक्षाचा सभासद असूनही सुटला नाही.

हे वारे आपल्याकडेही आले. मध्य युरोपातून मुंबईस आलेल्या रूडॉल्फ फॉन लायडन, वाल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेझिंगर या तिघांनी तरुण चित्रकारांस नव्या पाश्चात्य कलेची ओळख करून दिली. १९४७ साली निघालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांत अमरावतीकडील हरी अंबादास गाडे होते, सदानंद बाकरे होते, आणि कृष्णाजी हौळाजी आरा हेही होते. आरा यांनी घरगडी म्हणून आणि मोटारी धुऊन पोट भरले होते, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला होता. त्यांनी जलरंग जाड, भरघोस लावला. पुढल्या पिढीत नागपूरजवळच्या बेला गावी १९३३ साली जन्मलेल्या बी. प्रभा यांनी तैलरंगांत कोळिणींच्या उंच, लांबविलेल्या आकृती काढून मोठे नाव मिळविले.

तेव्हा लांब हात ही कोणा विद्यार्थ्याची लहर नव्हे. शिवाय आपल्या शास्त्रासही ती गोष्ट अगदी परकी नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात मार्कंडेय ऋषी वज्र राजास बजावतात की, नृत्य जाणल्यावाचून चित्र कळावयाचे नाही. नृत्यात अंग नेहमीच्या मापाने चालत नाही. भावाच्या मापाने चालते. त्याच ग्रंथात पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य इत्यादी पाच प्रकार सांगून प्रत्येकाचे प्रमाण निराळे दिले आहे. म्हणजे प्रमाण एकच नसते, ते विषयानुसार ठरते. भिजलेले जड जाळे ओढणाऱ्याच्या शरीरात त्या क्षणी हात आणि पाठ यांवाचून दुसरे काही जागे नसते. चित्रकाराने ते वाढविले आणि चेहरा पुसला, तर त्याने त्या कष्टाचेच प्रमाण धरले, असे आम्ही म्हणू.

आणि हिरवा रंग? उन्हाळ्यात उजनीचे पाणी खरोखरच हिरवे होते. मुळामुठेतून आणि भीमेतून पुण्याकडील सांडपाणी येथे उतरते आणि त्यावर शेवाळ माजते. हे सांडपाणी कोणाच्या मोरीतून निघते, याचा विचार शहरातील वाचकांनी स्वतःच करावा. तो हिरवा रंग कोळ्याच्या गालावर चढलेला दिसला तर त्यास चित्रकाराची विकृती म्हणणे आम्हांस तरी धाडसाचे वाटते.

जलरंग या विषयास विशेष अनुरूप का, हेही सांगितले पाहिजे. त्यात पांढरा रंग सहसा लावीत नाहीत, कोरा सोडलेला कागदच पांढरा. माशाच्या खवल्यावरील चकाकी हवी तर तेवढी जागा आधीच राखावी लागते. ओल्या कागदावर टाकलेला रंग परत घेता येत नाही. पाणी वाहील तसा तो वाहतो, आणि हाताने त्याच्या मागे धावावे लागते. पाण्यावर पोट भरणाऱ्याचाही अनुभव असाच असतो.

तथापि लांब हात काढले म्हणजे चित्र खरे झाले, असा उलटा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्याने जाळे ओढणारा कधी पाहिलाच नाही, त्याने पुस्तकातील चित्रावरून हात लांबविले तर ती नक्कल होय, आणि ती हळदणकरांच्या दिव्याच्या नकलेइतकीच निर्जीव ठरेल. पेखश्टाइन कोळ्यांच्या गावी पुनःपुन्हा जाऊन राहिला, हे विसरू नये. म्हणून ज्यांच्या घरी चित्र काढणारी मुले आहेत त्यांस आमचे सांगणे इतकेच की, येत्या हिवाळ्यात उजनीस जाल तेव्हा मुलांस पक्षी दाखवून झाल्यावर पहाटे एकदा काठावर उभे करा. होडी येऊ द्या, मासे निवडले जाऊ द्या, त्या माणसांशी दोन शब्द आदराने बोलू द्या, आणि मग घरी येऊन काढावयाचे ते काढू द्या. चित्र दिवाणखान्यात लावण्याजोगे कदाचित होणार नाही. परंतु त्यात हंसांच्या जोडीस कोठेतरी एक धीवर असेल, आणि त्याचे हात लांब का झाले हे विचारल्यावर मुलास उत्तर देता येईल.