विश्लेषण : 'भंडारा' नावाचा टसर पतंग आणि पवनीचे ऐनवन

पवनीचे जंगल म्हटले की उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आणि २०१६ मध्ये बेपत्ता झालेला 'जय' वाघ आठवतो. त्याच पट्ट्यातील ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर आणखी एक वन्यजीव वाढतो. त्याच्या कोशातूनच टसरचे रेशीम निघते आणि पूर्व विदर्भातील ढिवर समाजाची अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर चार पैसे मिळवत आली आहेत.

हा पतंग जगतो कसा?

टसर पतंग (अँथेरिया मायलिटा) तळहाताएवढा असतो. मादी पिवळसर, नर तांबूस. पंखांवर पारदर्शक डोळे. त्याला खाता येत नाही, कारण तोंडाचे अवयव विकसितच झालेले नसतात. आठवडाभराच्या आयुष्यात मीलन आणि अंडी घालणे, एवढेच काम. खाणे सगळे अळीच्या वाट्याला. महिनाभराहून अधिक काळ पाने खाऊन, चार वेळा कात टाकून ती कोष विणते. त्याआधी फांदीभोवती रेशमाचे घट्ट कडे करते. म्हणूनच पान गळाले तरी कोष लटकतच राहतो. पानझडी जंगलाला साजेशी याहून चांगली सोय कुठली? हिवाळ्यातील कोषात सुप्त राहिलेला जीव पावसाच्या सुमारास पतंग होऊन बाहेर पडतो.

तुतीचा रेशीमकीटक घरात पाळता येतो, टसरचा नाही. अळ्या झाडावर सोडायच्या, पाने संपली की फांदीसकट दुसऱ्या झाडावर न्यायच्या आणि पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्यांपासून दिवसभर राखण करायची.

प्रश्न कुठे आहे?

या पतंगाचे चाळीसहून अधिक स्थानिक वाण नोंदले गेले आहेत. त्यातील एकाचे नावच 'भंडारा' आहे. व्यापारी उत्पादनात मात्र 'डाबा' या वाणाचा बोलबाला आहे. बाहेरचे बियाणे उघड्या जंगलात वाढवले, तर त्यातील नर उडून स्थानिक माद्यांशी संकर करू शकतात. शिवाय 'पेब्रिन' हा रोग अंड्यांतूनच पुढच्या पिढीत जातो. त्यासाठी अंडी घातलेली प्रत्येक मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते.

खरी अडचण मात्र झाडांची आहे. ऐनाची पाने कोवळी हवीत, म्हणून छाटणी लागते. झाडे वनखात्याची, म्हणून परवानगीही. अर्जुनाची लागवड हा पर्याय आहेच, पण लावलेली रांग आणि जंगल यांत फरक आहे. लागवडीत पीक येईल. 'भंडारा' वाण मात्र जंगलात काही कोष न तोडता सोडले, तरच उरेल.