टेंट : एक शब्द, चार घराणीं

शब्दांचीं कुळें शोधण्याचा आम्हांला जुना नाद आहे. या नादाला अपुऱ्या ज्ञानाची आणि पुऱ्या अहंकाराची जोड मिळाल्यामुळें आमच्या हातून एकदां एका मुलाचा अपराध घडला. तो प्रसंग आधीं सांगून टाकतों. कारण प्रस्तुत लेखाचें निमित्त तोच आहे.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही एका तालुक्याच्या गांवीं वरच्या वर्गांना संस्कृत व इंग्रजी शिकवीत होतों. एके दिवशीं 'हॅम्लेट' नाटकांतील एक वेंचा शिकविण्यास घेतला होता. चुलत्यानेंच आपल्या बापाचा खून केला असा राजपुत्र हॅम्लेटाला संशय आहे. तेव्हां तसाच खुनाचा प्रसंग नटांकडून चुलत्यापुढें करवावा, त्या वेळीं त्याची मुद्रा न्याहाळावी आणि त्याला थेट जिव्हाळीपर्यंत 'टेंट' करावें, असा तो बेत करतो. येथें 'टेंट' हें क्रियापद आहे. आम्हांला टेंट म्हणजे तंबू एवढेंच ठाऊक. भर वर्गांत अडखळणें हें मास्तराला त्या वयांत मरणाहून वाईट वाटतें. आम्हीं ठोकून दिलें कीं, शत्रूच्या किल्ल्याभोंवतीं जशी छावणी पडते, तसा हॅम्लेट चुलत्याला चोहोंकडून घेरणार आहे.

तिसऱ्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरीं पिढीजाद वैद्यकी होती. तो म्हणाला, "गुरुजी, घेरायचें तें बाहेरून, मग जिव्हाळीपर्यंत कसें? आमचे आजोबा चिघळलेल्या जखमेंत कापडाची वात घालतात आणि जखम किती खोल आहे तें पाहतात. तसें कांहीं असेल का?" वर्ग हांसला. आम्हांला राग आला. "इथें शेक्सपिअर चालला आहे, तुमच्या आजोबांचा दवाखाना नव्हे," असें म्हणून आम्हीं त्याला तास संपेपर्यंत उभें ठेवलें. त्यानंतर वर्षभर त्या मुलानें आमच्या तासाला एकही प्रश्न विचारला नाहीं. ही गोष्ट आम्हांला त्या वेळीं शिस्तीची वाटली!

निवृत्तीनंतर वेळ पुष्कळ आणि डोळे बरे, म्हणून आम्ही ग्रंथालयांत बसूं लागलों. तेथें स्कीट या विद्वानाचा इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश हातीं आला. तो १८८२ सालीं पुरा झालेला ग्रंथ आहे. त्यांत 'टेंट' हा शब्द पाहतों तों एकाखालीं एक आंकडे घालून तो चार वेळां दिलेला! पहिला टेंट म्हणजे तंबू. दुसऱ्या आंकड्याखालीं काय असावें? जखमेंत घालावयाची कापडाची वात. आम्हीं कोश मिटला आणि कांहीं वेळ तसेच बसून राहिलों.

आतां वाचकांस या चारही घराण्यांची ओळख करून देतों. पैकीं पहिल्याशीं आपलें नातें असल्यामुळें तेथें थोडें अधिक रेंगाळलों तर त्यांनीं क्षमा करावी.

तंबू या अर्थाचा टेंट इंग्रजींत १३०० सालाच्या सुमारास फ्रेंच भाषेंतून आला. फ्रेंचांनीं तो लॅटिनमधून घेतला, आणि लॅटिनमध्यें त्याचें मूळ 'तेन्देरे' म्हणजे ताणणें, या क्रियापदांत आहे. कापड अंगावर टाकलें तर तें पांघरूण होतें. तेंच खांबावर चढवून दोऱ्यांनीं ताणलें कीं त्याचें घर होतें. निवाऱ्याला नांव मिळालें तें कापडावरून नव्हे कीं खांबावरून नव्हे, तर ताणण्याच्या क्रियेवरून! आतां लॅटिनांतील या 'तेन्' पुढें संस्कृतांतील 'तन्' ठेवून पाहा. 'तन्' म्हणजे विस्तारणें, ताणणें. धातुपाठांतील आठव्या गणाचा आरंभच या धातूनें होतो, म्हणून त्या गणास तनादि म्हणतात. मागावर ताणला जातो तो तन्तु. तो माग म्हणजे तन्त्र. कुळाचा धागा पुढें नेतो तो तनय आणि तेंच संतान. गवई घेतो ती तान. ताणून बारीक झालेलें तें तनु, आणि इंग्रजींत बारीक या अर्थाचा 'थिन' हा शब्दही त्याच मुळापासून निघालेला आहे. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमाच्या असाव्यात असें प्रतिपादन केलें, तें अशाच साम्यांच्या बळावर. धनुर्वाताला डॉक्टर 'टिटॅनस' म्हणतात. तो ग्रीक शब्दही ताणण्यावरूनच झालेला आहे. आपल्या वैद्यांना त्या रोगांत ताणलेलें धनुष्य दिसलें, ग्रीकांना नुसतें ताणणें दिसलें.

परंतु याहूनही मौजेची गोष्ट पुढेंच आहे. याच 'तन्' धातूपासून आपल्याकडे वितान शब्द झाला. वितान म्हणजे वर ताणलेलें वस्त्र. लग्नमंडपांतील छत किंवा देव्हाऱ्यावरचा चांदवा. अमरकोशांत वितान आणि उल्लोच हे शब्द जोडीनें आले असून त्यांच्याजवळच कापडाच्या घराला दूष्य हें नांव दिलेलें आहे. म्हणजे इंग्रजाचा टेंट आणि आपलें वितान हीं एकाच आजीचीं नातवंडें. एक पश्चिमेस गेलें, एक येथें वाढलें. पण दोघांनींही डोक्यावर कापड ताणण्याचाच धंदा पत्करला.

अमरसिंह आणखी सांगतो कीं, वितान म्हणजे यज्ञही, विस्तारही, आणि रिकामें, तुच्छ असेंही. वेदांत यज्ञ 'करतात' त्याचप्रमाणें तो 'विस्तारतात', म्हणजे मागावरच्या वस्त्रासारखा ताणून पुरा करतात. तेव्हां वितानाचे छत आणि यज्ञ हे अर्थ एकाच झाडाच्या फांद्या होत. टेंटचें तसें नाहीं. तेथें निरनिराळीं झाडें वाढतां वाढतां एकमेकांसारखीं दिसूं लागलीं आहेत. मराठींतही असें घडतें. भिंतीवरची ती पाल आणि जत्रेच्या माळावर ठोकलेलें तें पाल, यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. आपण लिंगावरून ओळखतों. इंग्रजींत ती सोय नाहीं, म्हणून परक्या मास्तराची फसगत होते. (स्वतःच्या बचावासाठीं एवढें म्हणण्याची मुभा असावी.)

जातां जातां 'पॅव्हिलियन' या टेंटच्या शेजाऱ्याचीही गोष्ट सांगतों. क्रिकेट पाहणाऱ्या मुलांना हा शब्द पाठ असतो. तो लॅटिन 'पापिलिओ' म्हणजे फुलपांखरूं, यापासून निघाला आहे. मोठा डेरा उभारला कीं त्याच्या दोन बाजू पंखांसारख्या पसरतात, म्हणून रोमन लोकांनीं त्याला फुलपांखरूं म्हटलें. बाद झालेला खेळाडू मान खालीं घालून परततो तो फुलपांखरांत!

आतां दुसरें घराणें, आमच्या अपराधाचें. लॅटिन 'तेम्प्तारे' किंवा 'तेन्तारे' म्हणजे चांचपणें, कसून पाहणें. मोहांत पाडून माणसाला कसास लावणारा 'टेम्प्ट', प्रयत्न या अर्थाचा 'अटेम्प्ट', चांचपडत केलेल्या कामाला लावावयाचें 'टेंटेटिव्ह' हें विशेषण, समुद्रांतील प्राण्यांचे चांचपणारे 'टेंटॅकल', हे सारे या कुळांतले. जखमेची खोली चांचपणें आणि तिचें तोंड मिटूं न देतां पू वाहता ठेवणें, हीं दोन्ही कामें ज्या वातीनें होत, तिला युरोपांतील शस्त्रवैद्य टेंट म्हणत. वरून जखम मिटली आणि आंत पू राहिला तर रोगी दगावतो. खालून भरत आली तरच ती बरी होते. आजचे शस्त्रवैद्यही खोल जखमेंत जाळीदार कापडाची पट्टी भरतात ती याच कारणास्तव. आपल्याकडे सुश्रुतानें अशाच औषध लावलेल्या वातीला विकेशिका म्हटलें आहे.

म्हणजे हॅम्लेट चुलत्याला घेरणार नव्हता. त्याच्या मनाच्या जखमेंत वात सारून ती कोठवर जाते तें पाहणार होता. वैद्याच्या नातवानें तें नुसत्या घरच्या अनुभवावरून ओळखलें होतें. शेक्सपिअरलाही या दोन टेंटांच्या घोटाळ्याची गंमत वाटे. 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा' या नाटकांत ट्रॉयपुढें ग्रीकांचा तळ पडलेला आहे. तेथें थर्सायटीझ हा फटकळ माणूस तंबूविषयींच्या साध्या प्रश्नाला मुद्दाम जखमेंतल्या वातीचा अर्थ धरून उत्तर देतो. तें नाटक सुमारें १६०२ सालचें. त्या काळच्या लंडनांतल्या प्रेक्षकाला जो विनोद चटकन् कळत होता, तो आम्हांला कळण्यास पेन्शन घ्यावी लागली.

तिसऱ्या घराण्याचें फार सांगण्यासारखें नाहीं. स्पेन देशांतील गडद तांबड्या मद्याला इंग्रज टेंट म्हणत, आणि तें ख्रिस्ती लोकांच्या पवित्र प्रसादविधींतही वापरीत. मूळ स्पॅनिश शब्द 'तिन्तो', म्हणजे रंगविलेला. लॅटिनांत रंगविणें, बुडविणें या अर्थाचें 'तिंगेरे' असें क्रियापद आहे. प्रत्येक घरच्या फडताळांत जी टिंक्चरची बाटली असे, ती या मद्याची चुलत बहीण. गुडघा फुटलेल्या मुलाला ती कशी झोंबे, हें सांगणें नलगे.

चवथा टेंट स्कॉटलंडांत राहतो. तिकडे 'टेंट घे' म्हणजे लक्ष दे, सांभाळ. बर्न्स या स्कॉच कवीच्या काव्यांत तो आढळतो. हा 'अटेन्शन' या शब्दाच्या घरचाच, आणि 'अटेन्शन' म्हणजे मन एखाद्या वस्तूकडे ताणणें. अर्थात् हा पुन्हां पहिल्याच घराण्यांत येऊन मिळतो: एक ताणतो कापड, दुसरा ताणतो मन. हें वाचतांना आम्हांस पतंजलि आठवले. योगसूत्रांत ध्यानाची व्याख्या करतांना त्यांनीं 'एकतानता' हा शब्द योजला आहे. एकतान म्हणजे एकीकडेच ताणलेला. तोच धातु, तीच कल्पना. आणि रोमन पंडितानें पतंजलींना विचारलें नव्हतें, कीं पतंजलींनीं रोमन पंडिताला. आम्हीं मुलांना आयुष्यभर "लक्ष द्या, लक्ष द्या" म्हणून ओरडून सांगितलें. त्या दिवशीं वर्गांत एकतान असा एकच जण होता, आणि तो उभा होता.

हें सर्व जुळल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळविला. तो आतां दुसऱ्या जिल्ह्यांत वैद्यकी करतो, आणि स्वतः पन्नाशीकडे झुकला आहे. आम्हीं त्याला चार पानीं पत्र लिहिलें, वरील मजकूर कळविला, आणि 'तुझें बरोबर होतें, आमचें चुकलें' असें स्पष्ट लिहिलें. आमची पत्नी म्हणाली, "एवढ्या वर्षांनीं त्याला कशाला आठवत असेल?" आठ दिवसांनीं उत्तर आलें. उभें केल्याचें त्याला फारसें कांहीं वाटलें नव्हतें. वर्ग आजोबांना हांसला हें मात्र लागलें होतें. आजोबा आतां नाहींत. आमचें पत्र त्यानें वडिलांना वाचून दाखविलें, त्यांनीं तें दोनदां वाचावयास लावलें, असें त्यानें लिहिलें होतें.

पत्राच्या शेवटीं एक प्रश्न होता. तंबूच्या दोरीला आपण तणावा म्हणतों. तर गुरुजी, हा तणावाही त्या 'तन्' धातूपासूनच आला ना?

तत्काळ 'होय' असें लिहिण्यासाठीं आम्हीं लेखणी उचलली होती. इतकें उघड साम्य! मग लेखणी खालीं ठेवून ग्रंथालयांत गेलों. अरबींत तंबूच्या दोरीला 'तुनुब' म्हणतात, फारशींत 'तनाब'. तंबू, कनात, शामियाना हे शब्द मुसलमानी लष्करांबरोबर ज्या वाटेनें मराठींत आले, त्याच वाटेनें ही दोरीही आली असली पाहिजे. तन् धातूशीं तिचें साम्य केवळ चेहऱ्याचें. तसें त्याला कळविलें आहे. आजोबा त्या जखमेच्या वातीला काय म्हणत, तेंही विचारलें आहे. त्याचें उत्तर अद्याप यावयाचें आहे.