१,२४३ मतांनी काय शिकवले?

मताचा प्रवास : भाग ५

मागच्या भागात मतदार यादीत नाव कसे चढते आणि कसे गळते, ते पाहिले. आज यादीतल्या त्या नावाचे मत होऊन मोजणीच्या टेबलावर कसे पोहोचते, ते पाहू. त्यासाठी लांब जायला नको. आपले खर्डा ज्या कर्जत-जामखेड मतदारसंघात येते, तिथला २०२४ चा निकाल राज्यातल्या सर्वांत अटीतटीच्या निकालांपैकी एक होता.

२० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झाले आणि २३ नोव्हेंबरला मोजणी. राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे रोहित पवार यांना १,२७,६७६ मते पडली, तर भाजपचे राम शिंदे यांना १,२६,४३३. फरक १,२४३ मतांचा. पाच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, याच दोघांत लढत झाली तेव्हा रोहित पवारांना १,३५,८२४ आणि राम शिंदेंना ९२,४७७ मते होती, म्हणजे ४३,३४७ चे मताधिक्य. पाच वर्षांत शिंदेंची मते जवळपास ३४ हजारांनी वाढली आणि पवारांची आठ हजारांवर घटली. अवाढव्य मताधिक्य आटून हजार-बाराशेवर आले.

या लढतीला स्थानिक रंगही गडद होता. राम शिंदे अहिल्यादेवींच्या चोंडीचे. २००९ आणि २०१४ ला ते इथूनच निवडून आले, मंत्री झाले. प्रचारात भूमिपुत्राचा मुद्दा त्यांनी लावून धरला. रोहित पवार बारामतीहून आले आणि त्यांनी मतदारसंघात ठाण मांडले. २०२१ च्या दसऱ्याला खर्ड्याच्या किल्ल्यासमोर ७४ मीटर उंचीचा भगवा स्वराज्य ध्वज त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. चोंडी आणि खर्डा, दोन्ही गावे जामखेड तालुक्यातलीच. दोन्ही बाजूंना अभिमानाचे एकेक ठिकाण याच तालुक्यात होते. मतदारही तसाच जवळजवळ निम्मा-निम्मा विभागला गेला.

आता राज्याकडे पाहू. २८८ पैकी २३० जागा महायुतीने जिंकल्या. त्यांत भाजपच्या १३२, शिवसेनेच्या ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या ४१ होत्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या १२ पैकी १० जागा महायुतीकडे गेल्या. संगमनेरला बाळासाहेब थोरातांचा जुना गड ढासळला. महाविकास आघाडीच्या हाती श्रीरामपूर आणि कर्जत-जामखेड एवढेच उरले. राज्यभर लाट दिसते तेव्हाही एखाद्या मतदारसंघाचे उत्तर वेगळे असू शकते. कारण विधानसभेचा निकाल राज्याच्या एकूण टक्केवारीवर लागत नाही, प्रत्येक मतदारसंघाची मोजणी स्वतंत्र होते आणि ज्याला सर्वाधिक मते, तो आमदार. एक मत जास्त असले तरी पुरते. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा इथे सी. पी. जोशी एका मताने पडले. आपल्याकडे २०२४ ला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी आणि साकोलीचा २०८ मतांनी लागला.

१,२४३ हा आकडा गावपातळीवर उतरवून पाहिला म्हणजे त्याचे वजन कळते. मतदारसंघात साधारण साडेतीनशे मतदान केंद्रे धरली, तर केंद्रामागे फरक येतो साडेतीन मतांचा. त्यातही एका मतदाराने बाजू बदलली, तर एकाचे एक मत कमी होते आणि दुसऱ्याचे एक वाढते. म्हणजे ६२२ माणसांनी दुसरे बटण दाबले असते, तरी निकाल फिरला असता. केंद्रामागे दोन माणसेसुद्धा नव्हेत. मळ्यातल्या एका घरातले नवरा-बायको, एवढाच हा हिशेब.

असा निकाल लागला की गावात पहिला प्रश्न येतो, ‘मोजणी बरोबर झाली का?’ तो विचारण्यात काही गैर नाही. पण विचारणाऱ्याला मोजणी कशी होते ते ठाऊक हवे.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचे ‘क्लोज’ बटण दाबतात. यंत्रात एकूण किती मते पडली, तो आकडा नमुना १७-सी मध्ये लिहितात आणि त्याची सही केलेली प्रत हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला देतात. हा कागद फार मोलाचा. मोजणीच्या दिवशी सकाळी आठला आधी टपाली मते घेतात. मग यंत्रे टेबलांवर येतात, एका दालनात बहुधा चौदा टेबले असतात. आपल्या केंद्राचे युनिट आले की त्याचा क्रमांक आणि सील प्रतिनिधींना दाखवतात. सील काढून ‘रिझल्ट’ बटण दाबले की पडद्यावर आधी एकूण मते, मग उमेदवारनिहाय मते एकामागून एक येतात. जाळीपलीकडे बसलेले प्रतिनिधी ती वहीत टिपून घेतात. एकूण आकडा १७-सी शी जुळला पाहिजे. चौदा टेबलांची एक फेरी झाली की बेरीज जाहीर होते. साडेतीनशे केंद्रे म्हणजे साधारण पंचवीस फेऱ्या. घटकेत आघाडी याची, घटकेत त्याची, असे जे होते त्याचे कारण हेच: कोणत्या गावांची यंत्रे कोणत्या फेरीत आली, त्यावर ते ठरते. शेवटी चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या हाताने मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशाने ही संख्या एकावरून पाच झाली.

निकाल जाहीर होण्याआधी उमेदवाराला लेखी कारणे देऊन फेरमोजणी मागता येते, निर्णय निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा. राम शिंदे यांनीही अशी मागणी केली होती. निकाल लागल्यावरही दारे बंद होत नाहीत. ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक वाट दिली: दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत अर्ज करून खर्च भरला, तर पाच टक्के यंत्रांची तपासणी होऊ शकते.

पण निकाल फक्त मोजणीच्या दालनात ठरत नाही. आपल्याकडे दोन गोष्टी १,२४३ पेक्षा मोठ्या होत्या.

पहिली, सारखी नावे. रोहित पवार याच नावाच्या एका अपक्षाला तीन हजारांहून जास्त मते मिळाली, फरकाच्या दुपटीहून अधिक. राम शिंदे नावाचे अपक्षही रिंगणात होते. त्यातली किती मते चुकून गेली, ते कुणालाच मोजता येणार नाही. पण चिन्हाची गल्लत काय करू शकते, हे साताऱ्याने त्याच वर्षीच्या लोकसभेला दाखवले. तुतारी चिन्हावर लढलेले शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले आणि तुतारीशी साम्य असलेल्या पिपाणीला ३७,०६२ मते गेली. यंत्रावर नावापुढे फोटो आणि चिन्ह दोन्ही असतात. दोन्ही पाहूनच बटण दाबावे. आजीला, आजोबांना हे आदल्या रात्री घरात समजावून सांगावे.

दुसरी गोष्ट मला अधिक टोचते. त्या वर्षी उसाचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला, मतदान पाच दिवसांनी. जामखेड, आष्टी, पाटोदा हा सगळा ऊसतोडीला जाणारा पट्टा. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे कारखान्यावर कोप घालून बसले, की मतदानाला गाव गाठणे म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे दोन्ही अंगावर. सैनिकाला टपाली मत आहे, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्याला आहे, ८५ वर्षांवरील वृद्धांना आणि ४० टक्के वा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरबसल्या मतदानाची सोय आहे. कोयता घेऊन फडात उभ्या असलेल्या बाईला यांपैकी काहीच नाही. ज्या मतदारसंघाचा आमदार केंद्रामागे साडेतीन मतांनी ठरतो, तिथे ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. ऊसतोड मजुरांना टपाली मताचा किंवा कामाच्या ठिकाणी मतदानाचा हक्क मिळायला हवा. जो उमेदवार मत मागायला येईल, त्याला गावाने हे पहिल्यांदा विचारावे. या निकालानंतर रोहित पवार विधानसभेत गेले, आणि राम शिंदे डिसेंबर २०२४ मध्ये विधान परिषदेचे सभापती झाले. मतदारसंघाचा आवाज आज दोन्ही सभागृहांत आहे. ही मागणी तिथवर नेणे अवघड नाही.

या आठवड्यात वाचकांनी एक काम करावे. नमुना २० हा केंद्रनिहाय निकालाचा तक्ता निवडणूक आयोग संकेतस्थळावर ठेवतो. त्यात आपल्या केंद्राची ओळ शोधावी आणि मतदार यादीतल्या संख्येशी ताडून पाहावी. किती जण आले नाहीत, ते लगेच दिसेल. त्यांतले किती स्थलांतरित, किती मयत आणि किती नुसते घरी बसले, याचा शोध कसा घ्यायचा, ते पुढच्या भागात.