रंगांची साक्ष

संशयित नोट रोखपाल अतिनील दिव्याखाली धरतात, तेव्हा कागदातील विशिष्ट तंतू उजळून दिसतात. हे दृश्य आपल्या ग्राहकांच्या परिचयाचे आहे. जुन्या चित्रांची तपासणीही अनेकदा अशाच दिव्याने सुरू होते. मात्र दिवा संशय जागा करतो, रंगद्रव्याचे नाव सांगत नाही. ते नाव, चित्राला ओरखडाही न काढता, सांगणाऱ्या पद्धतीचे मूळ कोलकात्यात आहे.

बहूबाजार मार्गावरील क्रमांक २१० च्या वास्तूत, डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेल्या विज्ञानसंस्थेत, चंद्रशेखर वेंकट रामन प्रयोग करीत. प्रारंभीची दहा वर्षे ते सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते आणि कचेरीच्या आधी व नंतर प्रयोगशाळेत बसत. बँकेच्या वाचकांना याचे कौतुक वाटावे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना आढळले, की पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला असता विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश, सुमारे कोटी कणांमागे एखादाच, किंचित बदललेल्या रंगाचा असतो. हा बदल रेणूंच्या कंपनांवर ठरतो आणि म्हणून प्रत्येक पदार्थाच्या रेषा निराळ्या उमटतात. इतका क्षीण प्रकाश टिपणे १९६० साली लेसर आल्यानंतर सुकर झाले. पुढे सूक्ष्मदर्शकाची जोड मिळाल्यावर रंगाचा एकेक कणही तपासता येऊ लागला.

समजा, १८७० च्या सुमाराचा म्हणून कालीघाटचा एक पट विक्रीस आला आहे. अशा पटांवर बहुधा चित्रकाराची सही नसते. तेव्हा सही पडताळण्याचा आपला नेहमीचा मार्ग येथे बंद. पटातील निळा रंग मात्र बोलतो. त्या काळी नीळ किंवा प्रशियन निळा मिळत असे. थॅलोसायनिन निळा बाजारात आला तो १९३५ साली. डोळ्यांना हे निळे सारखे भासू शकतात, रामन रेषा त्यांना वेगळे करतात. थॅलोसायनिनच्या रेषा आढळल्या तर पट बनावट तरी असेल, नाहीतर कोणीतरी नंतर त्यावर कुंचला फिरवला असेल. म्हणून जाणकार एका ठिपक्यावर निर्णय देत नाहीत. मूळ रेषेखालील थर आणि डागडुजीच्या जागा स्वतंत्रपणे पाहतात.

काही रंग या पद्धतीला दाद देत नाहीत. आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून बिहारात मुंगेरजवळ पूर्वी तयार होत असलेला, ‘प्युरी’ नावाचा पिवळा रंग प्रकाश पडताच स्वतःच इतका चमकतो, की रामन रेषा त्या उजेडात बुडून जातात. तेथे अवरक्त लेसर वापरावा लागतो.